वीसपैकी सात

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून, डोळे मिटून उभ्या होत्या. मला वाटलं, बाईंना घेरी आली. जूनचा उकाडा, शाळेचा पहिला आठवडा, आणि मुख्याध्यापिका म्हणून त्यांचा तर दुसराच दिवस. मी हातातली पुस्तकं कठड्यावर टाकली आणि पाण्याची बाटली घेऊन धावले. त्यांनी डोळे न उघडता नुसता हात वर केला आणि म्हणाल्या, "थांब बाय. सातवी अ मध्ये पंधरा मिनटं एकच मानूस बोलतोय. पोरं आहेत ना आत?"

पोरं होती. चांगली पन्नासएक होती, हाताची घडी घालून बसलेली. आधीच्या हेडसरांनी अशा वर्गाला शाबासकी दिली असती. या बाईंना मात्र ते काहीतरी दुखणं वाटत होतं. पुढे कळलं की हा त्यांचा रोजचाच कार्यक्रम. दुसरा तास सुरू झाला की व्हरांड्यातून एक फेरी मारायची आणि प्रत्येक वर्गाबाहेर डोळे मिटून थोडा वेळ उभं राहायचं. डोळे उघडे असले की गणवेश दिसतो, फळ्यावरचं अक्षर दिसतं, शिकवणं दिसत नाही, ते ऐकावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. शिपाईमामांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला की बाई झोपतात, पण उभ्याने.

आमची शाळा सोपाऱ्याहून राजोडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मराठी माध्यमाची, खासगी संस्थेची, अनुदानित. मी आचोळ्याहून दोन रिक्षा बदलून यायचे. गणित माझा विषय, आणि तापटपणा माझा स्वभाव. तो लपवण्यात अर्थ नाही, कारण या गोष्टीत तो जागोजागी दिसणारच आहे.

त्यांच्या आधीचे हेडसर घड्याळाचे पक्के. सात वाजून पाच मिनिटांनी फाटकात उभे. हजेरीपट काखेत, लाल पेन खिशात. एक मिनिट उशीर झाला की लाल रेघ, आणि तीन रेघा झाल्या की अर्धी रजा. आम्ही सगळे धावतपळत वेळेवर यायचो. वेळेवर येऊन काय करायचो ते विचारू नका. वर्षातून दोनदा सर पाठ बघायला वर्गात येत, आणि त्यासाठी आमच्यातल्या प्रत्येकाने एकेक पाठ लग्नाच्या शालूसारखा जपून ठेवलेला. माझा वर्तुळाचा होता. रंगीत पुठ्ठे, दोरा, टाचण्या, सगळं एका पिशवीत कपाटावर. सर आले की पिशवी खाली, सर गेले की पिशवी वर. मुलांनाही कुठल्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा ते पाठ. सर लॉगबुकात 'पाठ समाधानकारक' लिहीत, आम्ही सह्या करत असू, आणि दहावीचा निकाल लागला की सगळे मिळून म्हणत असू, मुलंच तशी आहेत, आपण तरी काय करणार.

आणि मग या बाई आल्या. अर्नाळ्याच्या कोळ्याच्या घरातल्या. घरातली पहिली शिकलेली बाई. प्रार्थनेच्या वेळी माइकवर त्यांची भाषा अगदी पुस्तकी, सगळे ण जागच्या जागी. माइकवरून खाली उतरल्या की पानी, कोन, मानूस. सुरुवातीला शिक्षकखोलीत त्यांच्या नकला झाल्या. मीही केली एकदा, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या केबिनमधली फिरती खुर्ची त्यांनी पहिल्याच दिवशी क्लार्कला देऊन टाकली. फिरत्या खुर्चीत बसलं की मला बोट लागल्यासारखं होतं, म्हणाल्या. स्वतः शाळेच्या बाकावर बसायच्या, तेही मुलांच्या. कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच शब्द: "कशावरून?" आज पाऊस पडेल. कशावरून? आठवी ब टवाळ आहे. कशावरून? त्यात खोच नसायची, तेच तर अवघड होतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. मान थोडी कलती करून उत्तराची वाट बघायच्या, आणि आपल्याकडे उत्तर नसायचं. महिनाभरात त्यांचं नाव 'कशावरूनबाई' पडलं.

त्यांची पहिली सभा तर मी विसरणार नाही. आम्ही वह्यापेनं घेऊन सूचना लिहायला बसलो. त्या म्हणाल्या की सूचना काही नाहीत. प्रत्येकाने आपापल्या विषयातलं आपल्याला न येणारं एक सांगायचं. सुरुवात करा. सगळ्यांनी पेनांची टोपणं लावली. इतिहासाचे सर, ज्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, घसा साफ करून म्हणाले की तीस वर्षं शिकवल्यावर न येणारं काही राहत नाही. बाईंनी मान डोलावली आणि पुन्हा वाट बघत बसल्या. शेवटी भूगोलाची शिक्षिका, आमच्यातली सगळ्यात लहान, रडकुंडीला येऊन म्हणाली की भरती रोज उशिरा का येते हे ती दरवर्षी शिकवते, पण आज राजोडीला भरती किती वाजता हे कोणी विचारलं तर तिला सांगता येणार नाही. बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, आली वेळ. आज कोनती तिथी? सप्तमी. मग सव्वापाच. चल, सुटल्यावर बघून येऊ खरं का खोटं. आणि खरोखर गेल्या दोघी, भूगोलवाल्या बाईंच्या स्कूटीवरून, राजोडीच्या किनाऱ्यावर. दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी वर्गात कशी शिकवायला लागली ते बघायला मी मुद्दाम व्हरांड्यातून जायचे.

पण त्यांची खरी तऱ्हा होती ती वहीची. पाठ बघायला मुख्याध्यापक येतो तो मागे खुर्ची टाकून बसतो आणि शेरा लिहितो. या यायच्या त्या दप्तर घेऊन. शंभर पानी वही, खाकी कव्हर, लेबलावर स्वतःचं नाव, इयत्ता, तुकडी. हजेरी क्रमांक पटावरच्या शेवटच्या मुलाच्या पुढचा. शेवटच्या बाकावर भिंतीकडे बसायच्या आणि एक अख्खा धडा संपेपर्यंत रोज त्या तासाला हजर. एक शब्द बोलायच्या नाहीत. जे ऐकू आलं ते लिहायचं, जे कळलं नाही तिथे ओळ रिकामी सोडायची. आणि वह्या तपासायच्या दिवशी मुलांच्या गठ्ठ्यात आपलीही वही ठेवून निघून जायच्या. लॉगबुकात शेऱ्याच्या जागी फक्त 'वही पाहा'.

आता मुख्याध्यापिकेची वही तपासायची म्हणजे काय करायचं, सांगा. सगळ्यांनी एकच केलं. डोळे झाकून बरोबरच्या खुणा. इतिहासाच्या सरांच्या तासाला त्यांनी चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या आणि पाचवीत लिहिलं होतं, 'इथे सर खिडकीकडे तोंड करून बोलले.' सरांनी त्यावर भलीमोठी खूण केली आणि खाली लिहिलं, 'छान. अक्षर सुंदर.' मराठीच्या बाईंनी तर वही दोन्ही हातांनी परत दिली, प्रसाद दिल्यासारखी. बाईंनी कोणालाच काही म्हटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वही, पुन्हा कोऱ्या ओळी. विज्ञानाच्या बाईंना तिसऱ्या खेपेला त्या कोऱ्या ओळी दिसल्या. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मागच्या बाकांवर जाऊन मुलांच्या वह्या चाळल्या. तिथेही कोऱ्या ओळी. तेव्हापासून त्या वर्गात फिरून शिकवायला लागल्या. इतिहासाच्या सरांना मात्र त्या ओळी निवृत्त होईपर्यंत दिसल्या नाहीत.

माझी पाळी आली दुसऱ्या सत्रात. आठवी ब, समीकरणं. आणि माझी वेळ तर अशी नाजूक की विचारू नका. मी शिक्षणसेवक होते. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, आणि मग मुख्याध्यापकांचा अहवाल बरा असला आणि संस्थेने मान हलवली तर कायम, नाहीतर नमस्कार. माझं तिसरं वर्ष चालू होतं. याआधीच्या दोन शाळांत माझ्या तुकड्याच बंद पडल्या, मुलं इंग्रजी माध्यमात गेली आणि मी घरी. ही तिसरी शाळा. चौथी मिळणार नाही हे मला माहीत होतं. त्यात संस्थेच्या सचिवांची भाचेसून गणितातच बीएड करून तयार बसली होती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

बाई आल्या, शेवटच्या बाकावर बसल्या. हजेरी क्रमांक चव्वेचाळीस. मी तीन आठवडे समीकरणं शिकवली आणि वीस मार्कांची घटक चाचणी घेतली. बाईंनीही दिली. मान खाली घालून, मधेच पेन्सिल चावत. मी पेपर तपासायला घेतले आणि बाईंच्या पेपराशी येऊन थांबले. उत्तरं चक्क चुकलेली. एक नाही, ओळीने. मी विचार केला. मी पेपर बाजूला ठेवला, चहा प्याले, पुन्हा घेतला. पण खोटं तपासायचं नाही हा माझा एकच बाणा, बाकी माझ्यात काही घेण्यासारखं नाही. मी सरळ लाल फुल्या मारल्या आणि वर लिहिलं: वीसपैकी सात. पुन्हा सोडवा.

बोंब झाली. कोणीतरी त्या पेपराचा फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. इतिहासाचे सर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले की बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना, अहवाल कोण लिहिणार आहे तुमचा? आणि मुख्याध्यापिकाबाई? त्यांनी पेपर घेतला, फुल्या मोजल्या, आणि दुसऱ्या दिवशी पालकांची सही आणून दिली. नापास झालेल्यांनी सही आणायची असा माझाच नियम होता. त्यांची ऐंशीच्या पुढची आई अर्नाळ्याला होती, तिची थरथरती सही. आईने विचारलं म्हणे, की या वयात कसला गो नापास झालीस.

नापासांसाठी मी शाळा सुटल्यावर अर्धा तास जादा वर्ग ठेवला. त्यालाही बाई हजर. आता माझं डोकं सणकायला लागलं. मला वाटायला लागलं की ही बाई माझी थट्टा करते आहे. जिला शाळा चालवता येते तिला आठवीचं समीकरण येत नाही? की खरंच येत नाही? रात्रंदिवस माझ्या डोक्यात तोच भुंगा. येत असेल तर ही चुकते का? येत नसेल तर हिला लाज कशी वाटत नाही? एक दिवस मी जादा वर्गात भडकलेच. फळ्यावर डस्टर आपटून म्हटलं, कितीदा सांगायचं, बरोबरच्या चिन्हापलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरत नाही? सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंनीही घातली, आणि वहीत लिहून घेतलं.

मग मी फेरचाचणी घेतली. पुन्हा तेच. त्या रविवारी आचोळ्याच्या घरी जमिनीवर सगळे पेपर पसरून बसले होते, कपाळावर आठ्या घालून. सोप्यातलं सोपं उदाहरण: तीन एक्स बरोबर बारा. म्हणजे कशाची तिप्पट बारा? चाराची. उत्तर चार. आणि माझ्यासमोर ओळीने वजा चार, वजा चार, वजा चार. बाईंचंही वजा चार. मला पहिला संशय काय आला असेल? की सगळ्यांनी बाईंची कॉपी केली. अहो, खरंच. चांगली दहा मिनिटं मी चरफडत होते की उद्या एकेकाला बघते. मग लक्षात आलं की पहिल्या बाकावरच्या मुलीचंही वजा चारच आहे, आणि बाई तर बसतात मागच्या भिंतीला.

मग मी एकेक पायरी वाचली. मुलांनी तीन पलीकडे नेला होता. बाराला तीनने भागलंही होतं. आणि मग, बाईंनी सांगितलंय ना, पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, म्हणून तीनचा वजा तीन केला होता. बेरजेतला आकडा पलीकडे गेला तर वजा होतो, गुणाकारातला होत नाही, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी हे वाक्य म्हणत आले होते, छातीठोकपणे, डस्टर आपटून. मुलांनी माझं ऐकलं नव्हतं असं नाही. मुलांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. मी आईला म्हटलं, मला जेवायला नको.

सोमवारी वर्गात जाऊन मी सांगून टाकलं की चूक तुमची नव्हती, माझी होती. एका मुलीने हात वर करून विचारलं की मग मार्क वाढणार का. मी फाटकासमोरच्या भाजीवालीचा तराजू मागून आणला आणि पलीकडे नेणं, चिन्ह बदलणं सगळं सोडून दिलं. दोन पारडी आहेत. एका पारड्याचं जे कराल ते दुसऱ्याचंही करा, बस्स. आठ दिवस आम्ही तेच केलं. तिसऱ्या चाचणीत वर्गातली चार मुलं सोडून सगळी पास झाली. बाईंना सतरा मिळाले. तीन मार्क मी शेवटची पायरी न लिहिल्याबद्दल कापले. त्या संध्याकाळी बसथांब्यावर त्यांनी पिशवीतून सुकेळीची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी काढून माझ्या हातात ठेवली आणि बस आली म्हणून चढून गेल्या.

मार्चमध्ये संस्थेच्या कार्यालयात बोलावणं आलं. बाईंना आणि मला. लांब टेबल, पलीकडे सचिव आणि आणखी तिघे सभासद. सचिवांसमोर कागद होता, आठवी ब च्या पहिल्या चाचणीचा गुणतक्ता. कोणी पोचवला असेल तो असो. ते म्हणाले की निम्म्याहून जास्त वर्ग नापास आहे, आणि यादीच्या शेवटी तर खुद्द मुख्याध्यापिकांचं नाव आहे, वीसपैकी सात. बाकीचे सभासद खाली बघून हसले. सचिवांनी सरळ मुद्द्याला हात घातला. शिकवण्यातच चूक आहे असं आम्ही समजायचं का? तसं असेल तर या बाईंना कायम करण्याचा प्रश्नच येत नाही.

शिकवण्यातच चूक होती. मला ते माहीत होतं. मी मनाशी ठरवलं की बोलायचं. वर्गात मुलांसमोर बोलले ते इथे बोलायला काय झालं? मी तोंड उघडलंच होतं.

"चूक नाय साहेब," बाई म्हणाल्या. "मला गनित येत नाय."

संस्थेच्या कार्यालयात त्या नेहमी माइकवरची भाषा बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तिथे घरची भाषा काढली, ती माझ्या कानाला खटकली. त्या म्हणाल्या की मी कोळ्याची पोर, मला लहानपणापासून गणिताची धास्ती. मी वर्गात बसले, मला जमेना, म्हणून बाजूची पोरंही माझं बघून घाबरली असतील. पहिल्या चाचणीचा कागद बघताय, तिसऱ्या चाचणीचा पण बघा. यांनी मला या वयात शिकवलं. नसेल पटत तर घाला एखादं गणित. सचिवांना मजा वाटली. त्यांनी समोरच्या वहीवर एक समीकरण लिहून पुढे सरकवलं. बाईंनी ते जीभ दाताखाली धरून, हळूहळू, एकेक पायरी मोठ्याने म्हणत सोडवलं. या पारड्यातून तीन काढले, त्या पारड्यातून तीन काढले. दोन्हीकडं दोननं भागलं. उत्तर आलं. सगळे टाळ्या वाजवून हसले. सचिव म्हणाले, अहो बाई, मग शाळेचं वेळापत्रक कसं लावता? पुन्हा हशा. त्या हशात माझी फाइल पुढे सरकली. दोन आठवड्यांनी मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या की आठवीचं झालं, आता नववीला भूमिती कोन घेनार ते सांग.

पुढची दोन वर्षं 'सात मार्कवाल्या बाई' हे त्यांचं नाव संस्थेच्या सगळ्या शाखांत फिरलं. संस्थेकडून दरवर्षी पुरस्कारासाठी एका मुख्याध्यापकाचं नाव जायचं, त्यांचं कधी गेलं नाही. इकडे आमच्या शाळेत मात्र काहीतरी बदललं होतं, आणि नेमकं काय ते मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळी फाटकात कोणी उभं नसायचं, तरी लोक लवकर यायला लागले होते. शिक्षकखोलीत पूर्वी साड्यांच्या आणि बदल्यांच्या गप्पा व्हायच्या, त्याही होत्याच, पण मधेच कोणीतरी विचारायचं की अहो, हे माझ्या पोरांना कळत नाहीये, तुम्ही कसं सांगता? हे विचारायची लाज गेली होती. मुख्याध्यापिकाच सात मार्क घेऊन बसलेली, तिथे आपल्याला कसली लाज. वर्तुळाची माझी पिशवी मी दहावीच्या मुलांना देऊन टाकली.

मग त्या निवृत्त झाल्या. शाळेच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम, भर दुपारी. सचिव आले होते. त्यांनी भाषण चांगलं केलं, मी नाकारत नाही. शेवटी म्हणाले की आमच्या या बाईंना गणित आलं नाही, पण माणसं जोडता आली. हॉल हसला. बाईही हसल्या. मी पहिल्या रांगेत होते, मीही हसले. खळखळून हसले.

आभार झाल्यावर चहाच्या टेबलापाशी तिशीची एक मुलगी पुष्पगुच्छ घेऊन एकटीच उभी होती. मी चौकशी केली. महामार्गाच्या पलीकडे, डोंगराकडच्या गावात आमच्या संस्थेची जी शाखा आहे तिथली माजी विद्यार्थिनी. आता इमारतींच्या साइटवर मोजमापं घेण्याचं काम करते. बाई तिथे मराठीला होत्या का, मी सहज विचारलं, कारण कागदावर बाईंचे विषय मराठी आणि इतिहास. ती म्हणाली की मराठी होतंच, पण आमच्या शाळेला सात वर्षं गणिताचे सरच नव्हते. बाईंनी स्वतः बसून दहावीचं सगळं गणित आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोडवलं आणि मग आम्हाला शिकवलं. वेळापत्रकात त्यांचं नाव नसायचं, म्हणून कुठे नोंद नाही. "साहेब मघाशी काय बोलले ते मला समजलं नाही," ती म्हणाली. "बाईंच्या वर्गात गणितात कोणी नापासच झालं नाही."

मी हातातला चहा टेबलावर ठेवला. मी हॉलभर त्यांना शोधलं. त्या फाटकाशी होत्या, रिक्षात हारतुरे भरत होत्या. मी जाऊन रिक्षाचा दांडा धरला आणि भांडल्यासारखंच बोलले, माझी ती सवयच. म्हटलं, बाई, तुम्हाला गणित येत होतं.

"येतं की," त्या म्हणाल्या.

मग सात मार्क कसे? त्या म्हणाल्या की वर्गात बसताना मला येतं ते सगळं बाहेर ठेवून यायचे. तू शिकवलंस तेवढंच घेऊन पेपर सोडवला. तेवढ्यात सातच पडत होते.

मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. राग आला, लाज वाटली, आणि त्या बाईला तिथेच मिठी मारावीशी वाटली, सगळं एकदम. मी विचारलं की मग तीन आठवडे गप्प का बसलात? एका शब्दात सांगितलं असतंत तर मी सुधारलं असतं. त्यांनी मान कलती केली. "कशावरून?" म्हणाल्या. आणि खरंच, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मी भांडले असते. नऊ वर्षं शिकवतेय, म्हणाले असते.

मी म्हटलं, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी खरं सांगणार होते. चूक माझी होती हे मी सांगणारच होते, बाई.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तू तोंड उघडलंस, म्हनून तर मी घाईनं बोलले. तू बोलली असतीस तर त्यांनी तुला काढली असती. मग पुढच्या वेळी कोन बोललं असतं?"

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. त्या आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मी अजून दांडा सोडला नव्हता. मी म्हटलं, बाई, मघाशी साहेब बोलले तेव्हा मी पण हसले.

"दिसलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात दांड्यावरून सोडवला, दोनदा थोपटला, आणि रिक्षावाल्याला अर्नाळ्याला न्यायला सांगितलं.